शिवम्मावर फासा टाकायचा नाही

रविवार, ८ जानेवारी २०२३, लातूर

अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने माझ्याविरुद्ध मोहीम उघडली आहे. अजून तिला माझं नाव माहीत नाही, एवढीच काय ती सवलत.

डायरी मुग्धाने आणून दिली. "अहो, तुमच्या त्या खेळाचं ऐकून माझे कान किटले. आता जे काय आहे ते हिला सांगा," असं म्हणून ती कॉलेजचे पेपर तपासायला घेऊन बसली. बायको अशी असावी. म्हणजे थोडी कमी अशी असली तरी चाललं असतं.

तर हकीकत अशी. जगात एक खेळ आहे. पाचसहा जण मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण कुणीतरी एक पात्र होतो आणि सगळे मिळून गोष्ट सांगतात. जिंकणं-हरणं नाही. एखादी गोष्ट जमली की नाही, एवढं फासा ठरवतो. या कंपनीने वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्या नियमांचा सांगाडा जगाला खुला करून टाकला: घ्या, बदला, छापा, आमचा उल्लेख तेवढा करा. त्या सांगाड्यावर मी, रेणुकादास, मूळ मुक्काम नांदेड, हल्ली लातुरात अठरा वर्षं क्लासमध्ये फिजिक्स शिकवून घसा बसलेला इसम, 'गावठाण' नावाचा मराठी खेळ उभा केला. त्र्याण्णवच्या भूकंपाची पहाट आणि त्यानंतरचं एक वर्ष, एवढा त्याचा पट. पात्राच्या कागदाला मी 'सातबारा' म्हणतो आणि खेळ चालवणाऱ्याला 'तलाठी'. तलाठी अर्थातच मी. पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकतो आणि पोरं फार रडवेली झाली तर आकडा थोडा वाढवून सांगतो. आजवर कुणाला कळलेलं नाही.

आता कंपनी म्हणते, तो खुला परवाना आम्ही मागे घेणार. जगभर आरडाओरडा चाललाय.

माझ्या चाळीस स्पायरल प्रती आहेत. पहिल्या पानावर ठळक 'सर्व हक्क राखीव'. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'परदेशी खुल्या परवान्याच्या आधारे'. या दोन पानांचं एकमेकांशी पटत नाही हे मला आज दुपारी पहिल्यांदा दिसलं. मी वही मिटली आणि चहा मागितला.

मंगळवार, १० जानेवारी

अपार्टमेंटच्या वॉचमनला सांगून ठेवलं, अमेरिकेहून रजिस्टर आलं तर घेऊ नका. तो म्हणाला, "सर, तुमचं लाइटबिलसुद्धा कुनी आनून देत न्हाई हो."

गुरुवार, १२ जानेवारी

उद्या कुणी विचारलंच तर असावा म्हणून खेळाचा इतिहास लिहून ठेवतो.

पहिल्यांदा मी परदेशासारखाच ड्रॅगनचा खेळ चालवायचो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, म्हणून साखराबाईंच्या मेसमध्ये दुपारची पंगत उठली की तिथेच आम्ही बसायचो. साखराबाई साठीच्या, निलंग्याकडच्या, भूकंपानंतर लातुरात आल्या आणि आता दीडशे पोरांचे डबे करतात. एकदा भांडी उचलता उचलता त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्यो ड्रॅगन खातो काय?"

"माणसं."

"मग गावात ऱ्हायलं कोन? कुनाशी खेळायलाव?"

पोरं हसली. मीही हसलो, आणि पुढच्या रविवारी ड्रॅगन कटाप. मग भूकंपाचं गाव मला सुचलं. बाईंनी बारीकसारीक मदत केली हे मान्य करायला हवं. गल्ल्या कुठून कुठे जातात, पाटील कसा बोलायचा, भिंत पडताना आधी आवाज कसला येतो, कोण कुणाच्या घरात शिरून कुणाला ओढून काढेल, पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या आठवड्यात भांडण कशावरून होईल, असं किरकोळ. रचना माझी.

एक पात्र मात्र पूर्ण त्यांनी दिलं: शिवम्मा. वय नऊ, पिवळा झगा, डाव्या पायात चप्पल नाही, म्हशीला भिते, शिट्टी वाजवते. बाईंची कल्पनाशक्ती अफाट आहे. तिच्या सातबाऱ्यावर गुणांच्या रकान्यात मी फक्त 'चपळाई १४' लिहिलं.

रविवार, १५ जानेवारी. संक्रांत

मेसमध्ये खेळ झाला. शिवम्मा आज पुनमच्या वाट्याला आली. पुनम हदगावची, 'नीट'ची परीक्षा दुसऱ्यांदा देतेय. शिवम्मा सगळ्यांनाच हवी असते, कारण बाईंचा एक नियम आहे: शिवम्मावर फासा टाकायचा नाही. भिंत पडो, आग लागो, ती वाचतेच. शिवाय शिवम्मा ज्याला मिळते त्याला बाई सगळ्यांच्या आधी पोळी वाढतात, आज तिळाची. खेळाचा मान म्हणून असावं.

तलाठी म्हणून सांगतो, हा नियम सदोष आहे. जिला धोका नाही तिच्यात थरार कुठला? चार वर्षं मी तो सुधारायचं म्हणतोय. पण बाईंच्या हातात झारा असतो.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. पुनमने माझी वही झेरॉक्स करून हदगावला नेली आणि तिथे तिची चुलत भावंडं खेळताहेत. वर बदलही केलेत!

"सर, आमच्याकडं शिवम्मा कापूस वेचून राहिली," ती कौतुकाने म्हणाली. "अन् म्हशीला भीत नाही. म्हशीवरच बसते."

मी म्हणालो, "कुणाला विचारून?"

"विचारायचं असतं का?"

मी पहिलं पान उघडून 'सर्व हक्क राखीव' वर बोट ठेवलं.   अशा गोष्टींना वेळीच आळा घातलेला बरा. घरी येऊन त्या परदेशी कंपनीच्या दादागिरीवर दोन पानी निषेध इंग्रजीत लिहिला आणि इंटरनेटवर टाकला. सात जणांना आवडला.

मंगळवार, १७ जानेवारी

आमच्या क्लासचे मालक साहेबराव सर यांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, बॅचचा रिझल्ट. तर मेजावर 'गावठाण'!

"रेणुकादास, हे तुम्ही केलं? मला का नाही दाखवलं? आपण हे 'स्मरणशक्ती विकास संच' म्हणून छापू. प्रत्येक ॲडमिशनबरोबर. तुम्ही फक्त सर्व हक्क क्लासच्या नावावर करा. मग बाहेर कुणी खेळायचं नाही, छापायचं नाही. आणि तुम्ही फिजिक्सचे विभागप्रमुख."

अठरा वर्षं मी त्या खुर्चीकडे बघतोय. तिला चाकं आहेत.

"एकच बदल," सर म्हणाले. "ही मुलगी मरतच नाही हे काय? उत्तर चुकलं की ती भिंतीखाली. भीती असल्याशिवाय पोरं अभ्यास करतात होय?"

नियम सदोष आहे हे मी स्वतःच लिहून ठेवलंय. मी म्हणालो, "विचार करतो." पण मान आधीच हलली होती.

गुरुवार, १९ जानेवारी

साखराबाईंना सांगितलं. बातमी चांगली, म्हणून जेवता जेवताच सांगितली. क्लास छापणार, तुमचं नाव आभारात घालू, आणि शिवम्माचा तेवढा नियम काढतोय, उत्तर चुकलं की ती जाणार.

त्या वरण वाढत होत्या. ते वाटीतून ताटात आणि ताटातून माझ्या मांडीवर आलं.

"बरं," म्हणाल्या आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. पुढच्या पोळ्या पोरांनीच वाढल्या. वयोमानाने हात थरथरत असावा. डॉक्टरांना दाखवा असं सुचवायला हवं.

रविवार, २२ जानेवारी

मेसला कुलूप नव्हतं, पण मेज भिंतीला उभं केलेलं. "आज जागा न्हाई, मास्तर." दीडशे पोरांची मेस पूर्ण रिकामी होती.

पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसलो. पोरांचं लक्ष नव्हतं. पुनम म्हणाली, "सर, मावशी नसल्या की तुम्हाला पुढचं सुचत नाही का?" मी तिला पाटलाचं पात्र दिलं आणि दुसऱ्याच वळणावर मारून टाकलं. फासा सहाचा होता, मी दोन सांगितला.

घरी मुग्धाला म्हणालो, बाईंचं काहीतरी बिनसलंय. ती म्हणाली, "अहो, त्या बाईचं गाव नकाशावरून गेलं. आणि त्यातल्या एका मुलीला तुम्ही फिजिक्ससाठी मारायला निघालात."

"ती मुलगी खरी नाही गं."

मुग्धाने माझ्याकडे नापास पेपराकडे बघावं तसं बघितलं.

मंगळवार, २४ जानेवारी

साहेबराव सरांचा वकील म्हणे, आधी खेळात परक्याचं काय आणि तुमचं काय ते वेगळं काढून द्या. सोपं काम. लाल पेन घेतलं, परदेशी सांगाड्यातून आलेलं ते लाल. फासे, आकडे, वळणं, जखमेचे गुण, सगळं लाल झालं. अपेक्षितच होतं.

मग निळं पेन घेतलं, माझं स्वतःचं ते निळं. पहिल्या प्रकरणाला टेकवलं आणि आठवलं, ही गल्ली बाईंनी सांगितली. हा आवाज बाईंचा. हे शेडमधलं भांडण, न्हाणीच्या पाण्यावरून, बाईंचं. आंधळ्या म्हाताऱ्याने खांब चाचपडत चौघांना बाहेर काढलं ते बाईंचं. मुग्धाचं हिरवं पेन घेतलं, बाईंचं ते हिरवं, आणि चार तास रेघा मारल्या.

अखेरीस निळं काय उरलं ते इथे प्रामाणिकपणे नोंदवतो: 'सातबारा' हा शब्द, 'तलाठी' हा शब्द, 'चपळाई १४', आणि 'सर्व हक्क राखीव'.

मला हसू आलं. मग बराच वेळ आलं नाही. अमेरिकेतली कंपनी निदान स्वतःचं दिलेलं परत मागत होती. मी दुसऱ्याचं विकायला काढलं होतं, तेही चाकांच्या खुर्चीसाठी.

बुधवार, २५ जानेवारी

ती रंगीत वही घेऊन मेसमध्ये गेलो. साखराबाई कणीक मळत होत्या. मी हिरव्या रेघा दाखवल्या आणि म्हणालो, हा खेळ तुमचा आहे, क्लासला द्यायचा की नाही ते तुम्ही सांगा.

"आता इचारायला आलाव व्हय?"

"हो. उशीर झाला."

"चार वर्सं झाली, मास्तर."

 खरंच होतं.

क्लासला द्यायचा नाही, हे त्यांनी मानेनेच सांगितलं. मग मी खुला परवाना समजावला. आपण लिहून द्यायचं की कुणीही घ्या, खेळा, बदला, पुढच्यालाही तसंच द्या. म्हणजे उद्या साहेबराव सर, किंवा आणखी कुणी, त्याला कुलूप घालू शकणार नाही.

"कुनीबी बदलंल?"

"कुणीही."

"शिवम्मालाबी?"

"हो. हदगावात तर तिला म्हशीवर बसवलीय."

कणकेतले हात थांबले. "म्हशीवर?" म्हणाल्या. मग बराच वेळ नुसत्या मळत राहिल्या, कणीक पार सैल होईपर्यंत. "इचार करून सांगते."

एवढ्या एका पात्राचं त्यांना इतकं का वाटतं, कळत नाही. लेखकाचा अभिमान असणार. मला तो परिचयाचा आहे.

शनिवार, २८ जानेवारी

कंपनीने माघार घेतली! जुना परवाना कायम, उलट आणखी खुला. माझ्या निषेधाचा यात वाटा किती, ते कळायला मार्ग नाही. तो आता नऊ जणांना आवडलाय.

संध्याकाळी साखराबाईंचा फोन. "सोमवारी तहसीलला जाऊ. तोंडी नगं, बाँडवर पायजे. आमची घरं मिळाली तीबी बाँडवरच मिळाली हुती."

जगभर हे परवाने लोक फुकट, कागदाशिवाय देतात असं सांगणार होतो. सांगितलं नाही. गेल्या काही दिवसांत तेवढं शहाणपण आलंय.

सोमवार, ३० जानेवारी

तहसीलच्या आवारात व्यंकटी नावाचा बाँड लिहिणारा, कॉम्प्युटर आणि प्रिंटर टपरीत मांडून बसतो. त्याच्याकडे भाडेकरार, संमतीपत्र, बक्षीसपत्र आणि नावात बदल असे चार नमुने तयार असतात. सगळं जग त्या चारांत बसतं, आम्ही सोडून.

"खेळ म्हंजे? पत्ते?"

"फासे."

"मग आधी पोलीस ठान्याचं ना हरकत आना, सर."

अर्धा तास समजावल्यावर त्याने मान डोलावली. "म्हंजे फुकट देयाचं. बक्षीसपत्र. घेनाराचं नाव सांगा."

"घेणारा कुणीही."

"कुणीही असं नाव नसतंय. आधार कार्ड कुनाचं जोडू?"

मी परवान्याचं तत्त्व सांगायला लागलो. साखराबाईंनी मला हाताने थांबवलं. "लिव्हा, जे कोन खेळंल ते."

व्यंकटीने विचार केला आणि लिहिलं. कोरं सोडण्यापेक्षा बरं, म्हणाला. "देनारीचं नाव, वय?"

"साखराबाई. एकसष्ट."

"बक्षीसपत्राला वारसाची हरकत नाही असं लिहावं लागतंय. वारस कोन?"

"एक लेक."

"नाव?"

"शिवम्मा."

"वय?"

"नऊ."

व्यंकटीने चष्म्यावरून बघितलं. "मावशी, तुमी एकसष्ट अन् लेक नऊ?"

"तिचं नऊच हाय," साखराबाई म्हणाल्या. "त्र्यान्नवपासून नऊच."

प्रिंटरवर कुणाचा तरी भाडेकरार छापून होत होता. मी तो वाचत उभा राहिलो, अकरा महिने, आगाऊ सूचना एक महिना, सगळा वाचला, कारण मान वर करायची सोय नव्हती. पिवळा झगा. डाव्या पायात चप्पल नाही. चार वर्षं दर रविवारी त्या एकाला पोळी आधी वाढत होत्या, आणि मी 'चपळाई १४' लिहून स्वतःला रचनाकार म्हणवत होतो. मुग्धाला पार्किंगच्या दिवशीच कळलं होतं. पुनमलाही कळलं असेल. भूकंपाच्या रात्री मी नांदेडला गाढ झोपलो होतो, आणि तसाच अजून झोपलेलो आहे. मला लाज वाटली. इथे दुसरा शब्द नाही.

बाहेर लिंबाखाली बाकावर बसलो. मी म्हणालो, "बाई, मला माफ करा. एवढा एक नियम आपण बंद ठेवू. बाकी सगळं खुलं, पण शिवम्मावर फासा कुणीच टाकायचा नाही, असं बाँडवरच लिहू. तसं लिहिता येतं."

त्या पदराने बोटांची शाई पुसत होत्या. सही येत असूनही व्यंकटीने सवयीने अंगठाही घेतला होता.

"नगं, मास्तर. ती एकाच गावात हुती, अन् तितंच गेली. आता धा गावात जाईल. कुटं जाईल, कुटं ऱ्हाईल बी. मी धरून ठिवली तर माझ्यापाशी ऱ्हाईल. पन माझ्यापाशी ती नऊचीच हाय." मग उठल्या. "चला, संध्याकाळचे डबे हायत."

बुधवार, १ फेब्रुवारी

साहेबराव सरांना बाँडची झेरॉक्स दिली. म्हणालो, क्लासने जरूर छापावा, फक्त त्यावर कुलूप घालता येणार नाही. सर हसले. "फुकटचं पोरांना लागत नाही, रेणुकादास." विभागप्रमुख केमिस्ट्रीवाले झाले. फिजिक्सचेही तेच. खुर्ची चाकांवरून त्यांच्याकडे गेली.

चाळीस प्रतींच्या पहिल्या पानांवर कागद चिकटवले. 'रचना: साखराबाई. शब्द दोन: रेणुकादास.' मुग्धाने डिंक लावून दिला. म्हणाली, "चपळाई राहिली की."

रविवार, ५ फेब्रुवारी

मेज पुन्हा मांडलं होतं. साखराबाई आज पहिल्यांदा भांडी आत ठेवून खुर्चीवर बसल्या. खेळायला नाही, "बगायला."

सुरुवात करणार तेवढ्यात पुनम म्हणाली, "सर, रागावू नका. त्या दिवशी म्या सगळं सांगितलं नव्हतं. हदगावात शिवम्माचं वय वाढवलंय. त्यांच्या खेळात आता भूकंप होऊन सात वर्षं झाली. दहावीला बसली ती."

मेजाभोवतीच्या सगळ्यांनी साखराबाईंकडे बघितलं. पोरांना सगळं माहीत होतं, हे मला त्यांच्या तोंडांवरून दिसलं.

साखराबाई पुढे सरकल्या. "रिझल लागला?"

"नाही मावशी. तुमचा नियम हाय ना. फासा टाकायचा नाही म्हणून त्यांनी तसाच ठेवला. मला विचारून राहिले होते."

"किती टक्के पडले आसतील?"

लातुरात हा प्रश्न मी दिवसातून वीस वेळा ऐकतो. असा कधी ऐकला नव्हता.

"तो नेम मरायला हुता," साखराबाई म्हणाल्या. "मार्काला टाका."

टक्क्यांचे दोन फासे असतात, एक दशकाचा आणि एक एककाचा. मी ते उचलले आणि आडोशामागे हात नेला. इथे कबूल करतो, मी आकडा ठरवून ठेवला होता: ब्याण्णव. फार नाही, फार कमी नाही, चांगल्या कॉलेजला ॲडमिशन.

"मास्तर, तो पुठ्ठा काढा. उघड्यावर टाका."

मी पुठ्ठा काढला आणि फासे टाकले. चार आणि एक.

एक्केचाळीस. नव्वदच्या खाली आलं की या गावात पोरं तोंड लपवतात, आई-बाप फोन उचलत नाहीत. माझ्यासमोर बसलेल्या पाच पोरांनी माना खाली घातल्या. मी तोंड उघडलं, वाटलं पुन्हा टाकू म्हणावं.

"पस्तीसला पास आसतंय न्हवं?" साखराबाईंनी विचारलं.

"हो," पुनम म्हणाली.

"म्हंजे पास झाली."

त्या उठल्या, आत गेल्या. आतून डबा उघडल्याचा आवाज आला.  बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात गुळाची ढेप आणि खलबत्त्यातला बत्ता होता. तिथेच मेजावर, माझ्या रंगीत वहीवर, त्यांनी गूळ फोडला आणि प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला. पुनमला दोन.

अठरा वर्षं मी या गावात शिकवतोय. एक्केचाळीस टक्क्यांचा गूळ आज पहिल्यांदा खाल्ला.